शाळेसमोरची पिवळी पाटी

शाळेच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर जे किराणा दुकान होतं, त्याच्या दारावरची पिवळी पाटी आठवते का? चहाची होती. पिवळ्यावर गडद निळी अक्षरं, डावीकडे कपबशी, कपातून निघणारी वाफ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्यापैकी किती जणांना आठवतंय ते मेळाव्याच्या दिवशी विचारणार आहे. मुलांना मात्र पाटी नक्की आठवत असेल, कारण मधल्या सुट्टीत तिच्यावर खडा मारला की 'टण्ण' असा आवाज यायचा. त्या आवाजासाठी आठवी ब मधल्या चौघांनी वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा भोगली होती. त्यांतला एक आता न्यायालयात वकिली करतो, म्हणून नाव टाळते.

हा लेख त्या पाटीबद्दल आहे आणि तशा पाट्यांच्या इतिहासाबद्दल आहे. मी शिकले इंजिनिअरिंग, पोटापाण्याला सॉफ्टवेअर लिहिते. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर संपला असं मलाही वाटत होतं. पण गेली सात-आठ वर्षं जुन्या जाहिरातींच्या पाट्या बघण्याचा, जमेल तेव्हा विकत घेण्याचा नाद लागला आहे. आपल्या इतिहासाच्या बाई फळ्यावर 'इतिहासाची साधने : भौतिक, लिखित, मौखिक' असं लिहून आमच्याकडून घोकून घ्यायच्या. तेव्हा ते दोन गुणांचं उत्तर होतं. बाई, आता ते रोज कामाला येतं.

आधी पाटी म्हणजे काय ते सांगते. आपण जिला लोखंडी पाटी म्हणायचो तिच्या वरची बाजू खरं तर काच असते. आपल्या आज्ज्यांकडे निळ्या काठाची पांढरी इनॅमलची भांडी होती, तीच ही करामत. पोलादाचा पत्रा कापायचा, भोकं पाडायची, तेल आणि गंज काढायला तो आम्लात बुडवायचा. मग काचेची बारीक पूड पाण्यात कालवून तिचा थर द्यायचा आणि भट्टीत 800 ते 900 अंशांना भाजायचा. पहिला थर बहुधा काळसर निळा असतो, कारण त्यात कोबाल्टचं ऑक्साइड घातलं की काच लोखंडाला घट्ट धरते. त्यावर रंगाचा थर. तो वाळला की वर छिद्रांचा साचा ठेवून नको तिथली पूड ब्रशने झाडायची आणि पुन्हा भट्टी. जितके रंग तितक्या वेळा भट्टी. म्हणून जुन्या पाटीवरून बोट फिरवलं तर एका रंगातून दुसऱ्यात जाताना बारीकशी पायरी लागते. पाठीलाही लेप असतो, नाहीतर भट्टीत पत्रा वाकडा होतो.

ओगलेवाडी स्टेशनवर उतरून घरी येणाऱ्या आपल्या लोकांना काचेचं कौतुक नवं नाही. 1916 साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्सचा प्रभाकर कंदील आपल्यापैकी अनेकांच्या घरी वीज गेल्यावर निघायचा. काच आणि लोखंड यांचं लग्न लावायची विद्या आपल्या गावाशेजारीच होती, आणि आपण भूगोलाच्या वहीत फक्त 'कराड : कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम' एवढंच लिहून आलो.

जाहिरातीसाठी या पाट्यांचा मोठा कारखानदारी उद्योग उभा राहिला तो इंग्लंडात. बर्मिंगहॅमजवळ सेली ओक इथे बेंजामिन बॉ यांच्या पेटंट इनॅमल कंपनीचा कारखाना 1889 च्या सुमारास सुरू झाला. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. साबण, चहा, बिस्किटं या गोष्टी तोवर वाण्याकडे सुट्या मिळायच्या. आता त्या वेष्टनात बांधून, नाव छापून विकायला सुरुवात झाली होती. नाव विकायचं तर ते दिसायला हवं, आणि कागद पहिल्याच पावसात जातो. भाजलेली काच ऊनपावसाला दाद देत नाही. रेल्वेची स्टेशनं, दुकानांच्या भिंती, घरांच्या बाजू अशा पाट्यांनी भरून गेल्या. अमेरिकेतही पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सला इंग्राम-रिचर्डसनचा कारखाना 1901 साली निघाला आणि मग पेट्रोलपंपांच्या पाट्यांचा तिकडे सुकाळ झाला.

आपल्याकडे या पाट्या मालाच्या मागोमाग आल्या. लीव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात खोक्यांतून उतरला, 1895 मध्ये लाइफबॉय आला. लिप्टनचा हिंदुस्थानाशी संबंध 1898 पासूनचा, ब्रुक बाँडचा रेड लेबल 1903 चा. पुढे 1937 मध्ये डालडा. या सगळ्यांच्या पाट्या आज बाजारात फिरतात. पण माझ्या मते सगळ्यांत मजेशीर गोष्ट चहाची आहे, आणि आपली पाटीही चहाचीच, म्हणून जरा थांबते.

आपल्याला वाटतं चहा पूर्वापार आहे. नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत चहा होत नव्हता. मळे होते आसामात, मालक होते इंग्रज, आणि माल जायचा परदेशी. 1903 मध्ये सरकारने कायदा करून निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी वापरायचा असं ठरलं. बाहेरचा भाव पडला की इथल्याच कोट्यवधी लोकांना प्यायला शिकवावं, ही कल्पना जोर धरू लागली. मग माणसं पाठवून बाजारांत, गिरण्यांत, स्टेशनांवर फुकट चहा पाजला गेला. रेल्वेच्या फलाटांवर इनॅमलच्या मोठ्या पाट्या लागल्या. चहा कसा करावा याची कृती त्यांवर चित्रांसकट, एकाखाली एक वेगवेगळ्या भाषांत दिलेली असे. पाणी खळखळून उकळा, भांडं आधी गरम करून घ्या, पत्ती इतकी, इतकी मिनिटं थांबा. म्हणजे आपल्या आज्यांनी ज्याला घरचं वळण मानलं, त्याची एक मूळ प्रत फलाटाच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली होती. (अर्थात, पत्ती पाण्यात घालून दूधसाखरेसकट उकळायची आपली पद्धत त्या पाटीवर नव्हती. ती आपली भर. मला त्याचा अभिमान आहे.) आणि 1947 मध्ये त्याच चहामंडळासाठी अन्नदा मुन्शी यांनी चरख्यावर सूत कातणारी बाई काढून चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचं पोस्टर केलं. मळेवाल्यांच्या मालाला चरखा चिकटवायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली.

पाटी कोणत्या काळातली हे कसं ओळखायचं? पाटीवर साल क्वचितच असतं. मग आम्ही हौशी लोक आडून शोधतो. किंमत आण्यांत असेल तर ती 1 एप्रिल 1957 च्या आधीची. 'नये पैसे' लिहिले असतील तर 1957 ते 1964. वजन पौंडांत की ग्रॅममध्ये ते बघायचं. पत्त्यात 'मुंबई 2' असा जुना विभाग आहे की सहा आकडी पिनकोड? पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. बर्मा-शेल ही कंपनी 1928 पासूनची आणि 1976 साली सरकारने घेतली, म्हणजे तिच्या पाट्या या चौकटीतल्या. कोकाकोला 1977 मध्ये देश सोडून गेलं. 'मुंबई राज्य' असेल तर 1 मे 1960 पूर्वीची. प्रोग्रॅममधली चूक शोधताना आम्ही ती नेमकी कोणत्या दोन तारखांच्या मधे शिरली हे आधी पकडतो, अगदी तसंच हे काम आहे, फक्त इथे संगणक नसतो, गंज असतो.

नक्कल ओळखण्याचंही शास्त्र आहे आणि ते मी फी भरून शिकले. पहिली पाटी घेतली ती बर्मा-शेलची गोल पाटी, एका व्यापाऱ्याकडून, खूप खुशीत. घरी आणून नीट पाहिली तेव्हा भोकांच्या कडेची काच तडकलेली. खऱ्या पाटीत भोकं आधी पाडतात आणि नंतर लेप देतात, त्यामुळे लेप भोकाच्या कडेवरून आत वळलेला असतो. माझ्या पाटीत आधी रंग, मग ड्रिल. गंजसुद्धा सगळीकडे एकसारखा, मिठाच्या पाण्याने आणलेला. खरा गंज खिळ्याच्या जागी आणि पाणी थांबतं त्या खालच्या काठाला जास्त असतो. ती पाटी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. एकदा एका ओळखीच्यांनी चांगले पैसे देऊ केले, ती नकली असल्याचं सांगितल्यावर ते म्हणाले, 'कुणाला कळतंय?' विकली नाही. तेवढी बाईंची भीती अजून आहे.

इंग्लंडात या पाट्यांचा नाद 1970 च्या दशकात रुजला. 1978 मध्ये क्रिस्टोफर बॅग्ली आणि अँड्र्यू मॉर्ली यांचं 'स्ट्रीट ज्युएलरी' हे पुस्तक निघालं आणि रस्त्यावरचे दागिने हे नावच या छंदाला पडलं. तिकडे आणि अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात असंख्य पाट्या लोखंडासाठी वितळवल्या गेल्या, म्हणून उरल्या त्यांना भाव. आपल्याकडे त्या युद्धानंतरही बरीच वर्षं दारांवर राहिल्या. त्या उतरल्या त्या नव्वदच्या दशकात आणि नंतर, शटर आली, प्लॅस्टिकचे फलक आले, मग फ्लेक्स. काही भंगारात गेल्या. काहींनी कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर केलं, काहींनी मोरीला आडोसा. उरलेल्या गावोगाव फिरणाऱ्या लोकांनी गोळा केल्या आणि मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर आणल्या. तिथून हॉटेलांच्या भिंतींवर, सिनेमाच्या सेटवर, परदेशी पाहुण्यांच्या सामानात. आणि गेल्या काही वर्षांत लिलावात.

लिलावाचं तंत्र थोडक्यात सांगते, कारण मेळाव्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिघांनी विचारलं होतं. आधी यादी येते. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, अंदाजे किंमत आणि तिच्या अवस्थेचा अहवाल. विकणाऱ्याने एक गुप्त किमान किंमत ठरवलेली असते, तिच्याखाली वस्तू सुटत नाही. बोली ठरलेल्या टप्प्यांनी चढते. हातोडा पडला ती किंमत अंतिम नव्हे. त्यावर लिलाव करणारे घेणाऱ्याकडून टक्केवारी लावतात, त्यावर जीएसटी, मग पॅकिंग आणि वाहतूक. विकणाऱ्याकडूनही दलाली घेतात, ती वेगळी. मी एकदा दंतमंजनाच्या दोन पाट्यांपैकी जास्तीची एक विकली, तेव्हा हातात आलेली रक्कम बघून वाटलं की या धंद्यात पाटी विकत घेऊ नये, विकूही नये, हातोडा घ्यावा.

कायद्याचीही एक गंमत आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरू शकते. मग तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. आजवर या पाट्या वयाने लहान म्हणून सुटल्या. पण 1920 च्या दशकातल्या पाट्या आता एकेक करून शंभरी गाठताहेत. ज्या पाटीवर आपण खडे मारले तिच्या मोठ्या बहिणी सरकारी भाषेत पुरावस्तू व्हायला लागल्या आहेत.

आता आपली पाटी.

मागच्या वर्षी एका लिलावाच्या यादीत ती दिसली. अर्थात तशा पाट्या शेकड्यांनी निघालेल्या असणार, म्हणून पिवळ्या रंगाने मी भुलले नाही. पण अहवालात लिहिलं होतं : उजवा खालचा कोपरा टवका उडालेला, कपाजवळ लहान टवके, मूळ चार भोकांखेरीज मधोमध पाचवं भोक, भोकाभोवती काच तडकलेली, म्हणजे कारखान्यातलं नव्हे. मी खुर्चीत ताठ बसले. दुकानाच्या दाराशी लिंबू-मिरची कशाला टांगलेली असायची ते आठवा. पाटीच्या मधोमध ठोकलेल्या खिळ्याला. दर शनिवारी काका ती बदलायचे आणि जुनी रस्त्यावर पडायची आणि आपण ती ओलांडायचो नाही.

खाली पांढरी पट्टी होती. कंपन्या ती दुकानदाराच्या नावासाठी मोकळी सोडत, मग स्थानिक पेंटर तीवर ऑइलपेंटने नाव घालायचा. ऑइलपेंट काही भाजलेली काच नव्हे, तो उडतो. फोटो मोठा करून पाहिला तर एवढंच वाचता येत होतं : '...ऱ्हाड, जि. उ. सा...'

यादीत काळ दिला होता '1930 चं दशक'. मला हसू आलं. उ. सा. म्हणजे उत्तर सातारा. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. 1960 मध्ये दक्षिणेचं सांगली झालं आणि उत्तरेचं पुन्हा साधं सातारा. म्हणजे त्या पट्टीवरचं नाव फक्त त्या अकरा वर्षांत लिहिलेलं असू शकतं. पाटी त्याआधीची असेलही, पण 1930 म्हणायला काही आधार नाही. मी लिलाववाल्यांना तसं कळवलं. त्यांनी आभार मानले आणि यादीत काही बदललं नाही.

मग दुकानाच्या काकांना फोन केला. आता त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे, दुकान मुलगा बघतो, आवाज मात्र तोच. 'कोण ग? ती पोस्टातल्या देशपांड्यांच्या वाड्यात राहायची ती?' म्हणाले. मी नव्हे ती, पण असो. पाटी कधी लागली विचारलं तर म्हणाले, ते शाळेत असताना. कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला, शिडी आणि खिळे त्याचेच. पाटी लावू दिली म्हणून त्यांच्या वडिलांना चहाचा एक डबा मिळाला, तो डबा पुढे कितीतरी वर्षं गूळ ठेवायला होता. आणि उतरली कधी? शटर बसवलं तेव्हा, वीसेक वर्षांपूर्वी. एक जण दारोदार फिरत जुनं सामान विचारत आला. त्याने दीडशे रुपये दिले. 'मला वाटलं, मीच त्याला फसवलं,' काका म्हणाले.

अंदाजे किंमत पंधरा ते वीस हजार होती. मी सगळं धरून तीस हजारांची मर्यादा ठरवली, कागदावर लिहून समोर ठेवली. घरी सांगितलं की यापुढे गेले तर लॅपटॉप बंद करा. बोली बारा हजारांपासून सुटली. वीसपर्यंत चौघे होतो, चोवीसला दोघे. दुसरा माणूस फोनवरून बोली लावत होता. हातोड्याच्या किमतीत माझी मर्यादा चोवीसलाच संपली होती, कारण वर टक्केवारी आणि कर. तरी मी सव्वीस म्हटलं. मग अठ्ठावीस. अठ्ठावीसवर तीस आले, मी बत्तीस म्हटलं, आणि त्यावर चौतीस. लॅपटॉप कुणी बंद केला नाही. मीच केला. नंतर बघितलं, चौतीसलाच हातोडा पडला होता.

दोन रात्री नीट झोप लागली नाही. दीडशेची पाटी चौतीस हजारांना गेली याचा राग होता का? काकांकडून ज्याने घेतली तो दारोदार फिरला, ओझी वाहिली. चोर बाजारातल्याने ती वर्षानुवर्षं सांभाळली. तो नसता तर ती वितळून कुठल्यातरी सळईत गेली असती, हे मला पटतं. काकांना किंमत सांगावी की नाही, हाही प्रश्न होता. शेवटी सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'अगं, पण पाटी माझी कुठं होती? कंपनीची होती. मी तर नुसती भिंत दिली.' मग विचारलं, कोपऱ्याचा टवका अजून आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, 'तो त्या ब वर्गातल्या पोराचा. त्याच्या वडिलांनी येऊन माफी मागितली होती.' म्हणजे वकीलसाहेब, तुमचं काम यादीत छापून आलं आहे, अवस्था या सदराखाली.

पाटी घेणारा कोण ते लिलाववाले सांगत नाहीत, तसा नियमच आहे. पण त्याच्यापर्यंत पत्र पोचवायला ते तयार झाले. मी लिहिलं की ही पाटी कराडच्या एका दुकानावर 1950 च्या दशकापासून होती, आणि तुम्हाला हवा असेल तर तिचा सगळा इतिहास देते, बदल्यात मेळाव्याच्या दिवसापुरती ती आम्हाला बघायला द्यावी. उत्तर आलं, सभ्य माणूस असावा. त्याचं म्हणणं इतकंच, की हीच ती पाटी कशावरून? भौतिक साधन त्याच्याकडे आहे. लिखित म्हणजे ती अर्धी पुसलेली पट्टी. मौखिक काकांकडून मी टिपून घेतलं आहे, पण ते मी पुरवलेलं, म्हणून त्याला पुरेसं वाटत नाही. त्याला फोटो हवा आहे, दुकानाच्या दारावर पाटी दिसणारा.

तेव्हा ही विनंती. नववीच्या सहलीची एसटी त्या दुकानासमोर उभी होती आणि निघण्याआधी कुणाच्या तरी वडिलांनी कॅमेऱ्यातून फोटो काढले होते, हे मला पक्कं आठवतं. शिवाय 15 ऑगस्टच्या प्रभातफेऱ्या तिथूनच वळायच्या. आपले चित्रकलेचे सर फेरीचे फोटो काढायचे, त्यांच्याकडेही काही असू शकेल. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी एकदा चाळा. फोटोत आपण कसे दिसतो ते नंतर बघू. आधी मागची भिंत बघा. पिवळं काही दिसलं तर भिंग घेऊन मधोमध खिळा शोधा, आणि शनिवारचा फोटो असेल तर ताजी लिंबू-मिरची.